जर्मन दुकानात कपडे घेताना: तीन लिंगं, एक बदल आणि ‘मला’ची वाक्यं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ए-१ चा (जर्मनच्या पहिल्या पायरीचा) अभ्यास चालू आहे, कपड्यांची नावं पाठ आहेत, पण दुकानात बोलायची वेळ आली की डेर, डेन, डेम (नामापुढे लागणारे, लिंग आणि विभक्तीप्रमाणे बदलणारे शब्द) यांत वाक्य अडकतं. मग शब्द आणि व्याकरण कोणत्या क्रमानं करावं?

मी बरीच वर्षं मराठी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवते. कपड्यांचा धडा आला की वर्गात एक गोष्ट हटकून दिसते. ज्या मुलांचं मराठी पक्कं आहे, तीसुद्धा जर्मन वाक्य आधी इंग्रजीत जुळवतात आणि मग जर्मनमध्ये नेतात. या विषयात ती वाट लांबची आहे. लिंग, विशेषणाचं रूप, ‘मला आवडतं’ची रचना आणि आकडे बोलायची पद्धत या चारही ठिकाणी जर्मन मराठीच्या जवळ आहे आणि इंग्रजी दूर. म्हणून माझं उत्तर मराठीतूनच सुरू होतं.

आधी उच्चाराबद्दल. जर्मन शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. शब्दाच्या शेवटी अनुस्वार दिसला, जसं ‘होझं’, तर तो नाकात म्हणायचा नाही. ‘घर छान होतं’ मधल्या ‘तं’सारखा आखूड अ म्हणायचा. ‘ग्र्योसं’ मधला ‘यो’ आणि ‘म्युत्सं’ मधला ‘यु’ ही फक्त लिहिण्याची सोय आहे. पहिल्यासाठी ‘ए’ म्हणता म्हणता ओठांचा चंबू करायचा, दुसऱ्यासाठी ‘ई’ म्हणता म्हणता. यांत ‘य’ वेगळा म्हणायचा नाही, प्रत्येक ठिकाणी एकच स्वर आहे. आरशासमोर उभं राहून केलंत तर लवकर जमतं.

आता शब्द. यादी अकारविल्हे पाठ करू नका आणि चित्रांच्या तक्त्यावरूनही नको. लिंगाप्रमाणे तीन गट करा आणि प्रत्येक शब्द डेर, डी किंवा डास लावूनच म्हणा. पुल्लिंगी: डेर मांटल (लांब कोट), डेर रॉक (स्कर्ट), डेर पुलोव्हर (स्वेटर), डेर आन्त्सूक (सूट), डेर ग्युर्टल (पट्टा), डेर शाल (गळ्याभोवतीचा मफलर), डेर शू (बूट). स्त्रीलिंगी: डी होझं (पँट), डी याकं (जाकीट), डी ब्लूझं (ब्लाउज), डी म्युत्सं (टोपी), डी झॉकं (मोजा), डी क्रावाटं (टाय). नपुंसकलिंगी: डास हेम्ट (शर्ट), डास क्लाइट (झगा), डास टी-शर्ट. सुरुवातीला एवढे पुरे. पन्नास शब्द अर्धवट येण्यापेक्षा हे सोळा लिंगासकट येणं जास्त कामाचं.

स्त्रीलिंगी गटाकडे पुन्हा बघा: सगळे शब्द त्या आखूड अ-नं संपतात. कपड्यांपुरता हा नियम जवळजवळ बिनधोक आहे. नवीन शब्द ऐकलात आणि शेवटी तो स्वर आला तर डी लावून मोकळे व्हा. जोडशब्दांचंही सोपं आहे. मराठीत ‘हातमोजा’ पुल्लिंगी का? कारण शेवटचा ‘मोजा’ पुल्लिंगी आहे. जर्मनमध्ये अगदी तेच: याकं स्त्रीलिंगी म्हणून व्हिंटरयाकं (हिवाळी जाकीट) स्त्रीलिंगी, मांटल पुल्लिंगी म्हणून रेगन्मांटल (रेनकोट) पुल्लिंगी, हेम्ट नपुंसकलिंगी म्हणून हेरन्हेम्ट (पुरुषांचा शर्ट) नपुंसकलिंगी. पाटीवरचा लांबलचक शब्द शेवटाकडून वाचायची सवय लावा.

मराठीतलं लिंग जर्मनमध्ये चालेल का, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. काही ठिकाणी जुळतं: तो कोट, तो बूट, तो पट्टा, ती पँट, ती टोपी. काही ठिकाणी नाही: आपला शर्ट ‘तो’ आहे पण हेम्ट ‘ते’ आहे, आपलं जाकीट ‘ते’ आहे पण याकं ‘ती’ आहे, मोजा ‘तो’ आहे पण झॉकं ‘ती’ आहे. जुळणारे सोडून द्या, ते आपोआप येतात. न जुळणारे वेगळ्या कागदावर लिहा आणि मेहनत फक्त त्यांच्यावर करा.

अनेकवचनासाठी कपड्यांचा धडा उत्तम आहे, कारण त्यात नेहमीचे बहुतेक प्रकार भेटतात: होझन, शूअं, हेम्डन, क्लाइडर, र्‍योकं, मेंटल, पुलोव्हर (काहीच बदल नाही), टी-शर्ट्स. आणि पँट जर्मनमध्ये एकच असते, मराठीसारखी. आइनं होझं म्हणजे एक पँट. ‘जोडी’ हा विचार इंग्रजीतून येतो, तो तिथेच ठेवा.

आता तो डेर-डेन. ए-१ ला वस्तू घेताना, शोधताना, बघताना कर्माची विभक्ती लागते, आणि तिथे एकच गोष्ट बदलते: एकवचनी पुल्लिंगी. डेरचा डेन होतो, आइनचा (‘एक’चा) आइनन होतो. स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी आणि अनेकवचन जसंच्या तसं राहतं.

इश झूखं आइनन मांटल. (मी कोट शोधतेय.)
इश झूखं आइनं होझं. (मी पँट शोधतेय.)
इश झूखं आइन हेम्ट. (मी शर्ट शोधतेय.)

चूक नेमकी कुठे होते हे समजून घेतलंत तर ती लवकर जाते. ‘कोट छान आहे’ आणि ‘मी कोट घेते’ या दोन वाक्यांत मराठी ‘कोट’ अजिबात हलत नाही. निर्जीव वस्तूच्या कर्माला आपण प्रत्यय लावत नाही. त्यामुळे ‘इश झूखं आइन मांटल’ आपल्या कानाला खटकतच नाही. कानाला सवय लावायची तर फक्त पुल्लिंगी शब्दांवर सराव करा. डेर गटातले सात शब्द घ्या आणि झूखं (शोधते), नेमं (घेते), ब्राउखं (हवा आहे, गरज आहे) आणि म्योश्टं (हवाय) या चार क्रियापदांबरोबर एकेक करून मोठ्यानं म्हणा. बाकीची दोन लिंगं या सरावात घेऊच नका, त्यांना गरज नाही.

एकदा डेन बसला की उलटी चूक सुरू होते: सगळीकडेच डेन. ‘व्हास कॉस्टट डेन मांटल?’ असं विचारलं जातं. किंमत विचारताना कोट हा कर्ता आहे, म्हणून व्हास कॉस्टट डेर मांटल? आणि बूट अनेक असले तर क्रियापदही अनेकवचनी: व्हास कॉस्टन डी शूअं?

या धड्यात मला सर्वांत आवडणारा भाग आता येतो, आणि इथेच मराठी विद्यार्थी इतरांच्या पुढे असायला हवेत. ‘मला हा कोट आवडतो’ या वाक्यात कर्ता कोण? कोट. मी नाही. म्हणून बूट असले की ‘मला बूट आवडतात’. जर्मन गेफालन (आवडणं) तंतोतंत असंच चालतं:

डेर मांटल गेफेल्ट मिअर. (कोट मला आवडतो.)
डी शूअं गेफालन मिअर. (बूट मला आवडतात.)

मिअर म्हणजे मला, डिअर म्हणजे तुला, ईनन म्हणजे तुम्हाला. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी इथे ‘मी’पासून सुरुवात करतो आणि फसतो. तुम्ही मराठीतून आलात तर नवीन काही शिकायचंच नाही. याच साच्यात कपडे घेताना लागणारी आणखी दोन क्रियापदं बसतात. पासन म्हणजे मापाला बसणं: डी होझं पास्ट मिअर, पँट मला बसते. श्टेअन म्हणजे अंगावर शोभणं: डास क्लाइट श्टेट ईनन गूट, हा झगा तुम्हाला छान दिसतो. बसणं, शोभणं आणि आवडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही भाषा त्यांना वेगळे शब्द देतात, म्हणून त्या एकत्रच शिका. माप चुकलं असेल तरी ‘मला’ येतोच: डी याकं इस्ट मिअर त्सू ग्रोस, जाकीट मला फार मोठं होतं. त्सू म्हणजे ‘गरजेपेक्षा जास्त’. त्याच्यापुढे एंग (घट्ट), व्हाइट (ढगळ), लांग (लांब), कुर्त्स (आखूड), टॉयर (महाग) यांतलं काहीही ठेवा.

दुकानातल्या अनोळखी माणसाशी नेहमी झी-ईनन, म्हणजे आपलं तुम्ही-तुम्हाला. ते अनेकवचनी क्रियापद घेतं, मराठीसारखंच. काही दुकानांत विक्रेते तरुण असतात आणि सरळ अरे-तुरेवर येतात. तरीही सुरुवात तुम्ही झीनंच करा.

रंगांचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मराठी मदतही करते आणि दगाही देते. काळा कोट, काळी पँट, काळं जाकीट हे आपण विचार न करता म्हणतो. जर्मनमध्ये आइन श्वार्त्सर मांटल, आइनं श्वार्त्सं होझं, आइन श्वार्त्सस हेम्ट. म्हणजे अर, अं, अस. हेच त्रिकूट ‘हा-ही-हे’ मध्ये येतं (डीझर, डीझं, डीझस) आणि ‘कोणता-कोणती-कोणतं’ मध्येही (व्हेल्शर, व्हेल्शं, व्हेल्शस). आणि कर्म असेल तर एकवचनी पुल्लिंगीत पुन्हा तो एकच बदल: इश झूखं आइनन श्वार्त्सन मांटल.

दगा दोन ठिकाणी. पहिला कानाचा. ‘काळं’ ऐकलं की आपल्याला नपुंसकलिंग वाटतं, आणि जर्मन ‘श्वार्त्सं’ कानाला अगदी तसंच लागतं, पण ते स्त्रीलिंगी रूप आहे. त्यामुळे मराठी मुलं ‘आइन श्वार्त्सं हेम्ट’ म्हणून मोकळी होतात आणि चूक त्यांना ऐकूच येत नाही. हे माहीत असलं की ‘अस’कडे लक्ष जातं. दुसरा दगा विधेयाचा. मराठीत ‘पँट काळी आहे, जाकीट काळं आहे’ असं रूप वाक्याच्या शेवटीही बदलतं. जर्मनमध्ये तिथे काहीच बदलत नाही: डी होझं इस्ट श्वार्त्स, डास हेम्ट इस्ट श्वार्त्स. म्हणून ए-१ ला माझा आग्रह असतो की रंग शक्यतो वस्तूच्या नंतर, वाक्याच्या शेवटी ठेवा. आणि दुकानात तर त्याहून सोपी वाट आहे: इन श्वार्त्स, इन ब्लाउ, इन रोट. ‘यात निळा आहे का?’ हे विचारायला इन ब्लाउ पुरतं, प्रत्ययाचा प्रश्नच येत नाही. काही रंग तर रोजच्या वापरात कुठेच बदलत नाहीत: रोझा (गुलाबी), लीला (जांभळा). आपला गुलाबीही कुठे बदलतो?

सर्वनामांतही मराठीवर विश्वास ठेवा. आपण कोटाला ‘तो’ म्हणतो, पँटला ‘ती’. जर्मनही तसंच: एर (तो), झी (ती), एस (ते). इंग्रजीच्या सवयीनं सगळ्या निर्जीव वस्तूंना एस म्हणू नका. कर्म असताना एरचा ईन होतो, बाकी दोन तशीच राहतात. हा संवाद मोठ्यानं वाचा आणि ‘एर’ कुठे, ‘ईन’ कुठे येतो ते बघा.

— कान इश ईनन हेल्फन? (तुम्हाला मदत करू का?)
— या, गेर्न. इश झूखं आइनन मांटल. (हो, चालेल. मी कोट शोधतेय.)
— व्हेल्शं ग्र्योसं हाबन झी? (तुमचं माप काय?)
— आख्टउंट्ड्राइसिश. (अडतीस.)
— व्ही गेफेल्ट ईनन डीझर हिअर? (हा कसा वाटतो तुम्हाला?)
— एर इस्ट श्योन. हाबन झी ईन आउख इन ब्लाउ? (छान आहे. यात निळा आहे का?)
— लाइडर निश्ट, नूर इन श्वार्त्स. (नाही हो, फक्त काळा.)
— डार्फ इश ईन आन्प्रोबीरन? (घालून बघू का?)
— नाट्युर्लिश. डी उम्क्लाइडंकाबीनन झिंट डा हिंटन. (अर्थातच. कपडे बदलायच्या खोल्या तिकडे मागे आहेत.)
— एर इस्ट मिअर त्सू एंग. हाबन झी ईन आइनं नुमर ग्र्योसर? (मला घट्ट होतोय. एक माप मोठा आहे का?)
— या, बिटं. (हो, हा घ्या.)
— येत्स्ट पास्ट एर. इश नेमं ईन. (आता बसतोय. हा घेते.)

हा संवाद पाठ झाला की त्यातला कोट काढून पँट घाला, मग शर्ट, मग बूट. प्रत्येक वेळी काय बदलावं लागतं आणि काय तसंच राहतं हे तोंडानंच कळतं. माझ्या वर्गात या एका संवादावर आम्ही अख्खा तास घालवतो, आणि नियमांच्या तक्त्यापेक्षा त्यातून जास्त मिळतं. तुम्ही गोएथे इन्स्टिट्यूटची ए-१ परीक्षा देणार असाल, तर तिथल्या तोंडी भागात चिठ्ठीवरचा शब्द बघून प्रश्न विचारायचा असतो. त्यासाठीही याच संवादातले प्रश्न उपयोगी पडतात.

आन्प्रोबीरन हे तुटणारं क्रियापद आहे. साध्या वाक्यात त्याचा ‘आन’ शेवटी जातो: इश प्रोबीरं डी होझं आन. सुरुवातीला हे तुटणं अवघड वाटत असेल तर डार्फ, कान किंवा म्योश्टं वापरा. मग अख्खं क्रियापद न तुटता वाक्याच्या शेवटी येतं, आणि क्रियापद शेवटी ठेवणं आपल्या अंगवळणी आहेच. दुकानात तशीही परवानगी किंवा विनंतीच जास्त लागते.

घालण्याचे शब्द मात्र एकाला एक लावू नका. आन्त्सीअन म्हणजे अंगात घालायची क्रिया, ट्रागन म्हणजे अंगावर असणं. टोपी घालायला आउफ्झेत्सन, मफलर बांधायला उम्बिंडन. साडी नेसतात आणि सदरा घालतात हे ज्यांना जन्मापासून माहीत आहे, त्यांना हा भेद जड जाऊ नये.

आकड्यांत पुन्हा मराठीची साथ आहे. अडतीस म्हणताना आपणही आठ आधी आणि तीस नंतर म्हणतो, आणि आख्टउंट्ड्राइसिश म्हणजे आठ-आणि-तीस. इंग्रजीतून मोजणारे ऐकून ८३ लिहितात. फरक फक्त एकोणतीस, एकोणचाळीस या आकड्यांत. जर्मनमध्ये ‘एक कमी’ नसतं, नॉयनउंट्ड्राइसिश म्हणजे सरळ नऊ-आणि-तीस. किमतीत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो: २९,९९ हे नॉयनउंट्त्स्वान्त्सिश ऑयरो नॉयनउंट्नॉयन्त्सिश असं वाचतात. चिठ्ठीवरच्या किमतीत १९ टक्के मूल्यवर्धित कर आधीच धरलेला असतो, गल्ल्यावर वर काही लागत नाही. ‘स्वस्त’साठी ग्युन्स्टिश म्हणा; बिलिश म्हटलं की हलक्या दर्जाचा वास येतो.

मापांची माहिती शब्दांइतकीच लागते. बायकांची मापं ३४, ३६, ३८, ४० अशी दोन-दोननं चढतात. पुरुषांच्या कोट-सूटचं माप ढोबळमानानं छातीच्या घेराच्या निम्मं असतं. घेर १०० सेंटिमीटर असेल तर ५०. रॅकवर मध्येच १९ किंवा ७६ दिसलं तर गोंधळू नका: १९ म्हणजे ठेंगण्या बांध्यासाठीचं ३८ आणि ७६ म्हणजे उंच बांध्यासाठीचं ३८. फ्रेंच किंवा इटालियन मालावर तेच ३८ वेगळ्या शरीराचं असतं, म्हणून आकड्यावर न जाता आन्प्रोबीरन कराच. जीन्सला दोन आकडे इंचात: व्हाइटं (कंबर) आणि लेंगं (लांबी).

गल्ल्यावर प्रश्न येतो: बार ओडर मिट कार्टं? रोख की कार्ड? उत्तर एका शब्दाचं. कासन्बॉन (पावती) जपून ठेवा, कारण बदलून घ्यायला ती लागते: इश म्योश्टं डी याकं उम्टाउशन. झी इस्ट मिअर त्सू क्लाइन. इथे एक वस्तुस्थिती माहीत हवी. दुकानात स्वतः जाऊन घेतलेला आणि काही दोष नसलेला कपडा परत घेण्याचं बंधन जर्मन कायदा दुकानदारावर घालत नाही. बरीच दुकानं पावती पाहून बदलून देतात, पण ती त्यांची सवलत असते, म्हणून घेतानाच विचारा: कान इश डी याकं उम्टाउशन? ऑनलाइन घेतलेल्या कपड्यांना १४ दिवसांचा परत करण्याचा हक्क आहे. दोष असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे कायदा ग्राहकाच्या बाजूनं आहे. त्यासाठी दोन वाक्यं: डेर राइस्फेरश्लुस इस्ट कापुट (चेन बिघडली आहे), डा फेल्ट आइन क्नॉप्फ (एक बटण नाहीये).

शेवटी ‘मला’बद्दलची एक सावधगिरी, कारण वर मी त्याचं इतकं कौतुक केलं आहे. आवडणं, बसणं, शोभणं, मोठं किंवा लहान होणं आणि मदत करणं या ठिकाणी मिअर. पण ‘मला कोट हवाय’, ‘मला पैसे परत मिळतील का?’, ‘मला माहीत नाही’ इथे मराठीत मला असूनही जर्मनमध्ये इश येतो: इश म्योश्टं आइनन मांटल. बेकोमं इश डास गेल्ट त्सुर्युक? इश व्हाइस एस निश्ट. ही तीन वाक्यं मिअरच्या वाक्यांशेजारीच वहीत लिहून ठेवा आणि दोन्ही गट आलटून पालटून म्हणा.